ढोलीत उतरलेली नावाडीण

"एकदाही नाही?" रेनाटेने विचारलं.

"काय एकदाही नाही?"

"विसरणं. पन्नास वर्षं रंगमंचावर काढलीत, आणि एकही वाक्य विसरला नाहीत?"

नाटकघराच्या खानावळीत समोर बसलेल्या म्हाताऱ्याने मसुराच्या सुपात पावाचा तुकडा बुडवला. तो नीट भिजेपर्यंत थांबला. मग खाल्ला.

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. तुमच्यावरच्या पुस्तकातही छापलंय."

"मग असेल. मी काही ते वाचलेलं नाही. फार जाड आहे."

हा म्हातारा म्हणजे एवाल्ड क्लाउसनर. नदीकाठच्या त्या जर्मन शहरातलं नाटकघर म्हणजे तो, आणि तो म्हणजे नाटकघर, असं लोक म्हणत. सगळे त्याला 'माइस्टर' म्हणायचे. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांतले 'मास्तर' तेच हे.

मास्तर मूळचे खोगीर शिवणाऱ्याचे चिरंजीव. सोळाव्या वर्षी फिरत्या नाटकमंडळींबरोबर पळून गेले आणि पहिलं वर्ष नुसता भाला धरून उभे राहिले. युद्धात कैदी झाले. छावणीत बटाट्याच्या पोत्यांचे घागरे घालून बायकांच्या भूमिका केल्या. परत आले तेव्हा शहर जमीनदोस्त झालेलं. मग एका शाळेच्या व्यायामशाळेत प्रयोग लावले. तिकीट म्हणजे कोळशाची एक वीट. प्रेक्षक ती काखेत मारून आणत, तीच शेगडीत जाई, आणि शेगडी विझायच्या आत नाटक संपवावं लागे.

पुढे ते नायक झाले, मग दिग्दर्शक. आता पंचाहत्तरी आली होती, तरी वर्षाला एक नाटक बसवत.

रेनाटेला हे सगळं तोंडपाठ होतं. तिला सगळंच तोंडपाठ असायचं... निदान मार्चपर्यंत तरी.

"आणखी एक विचारू?"

"विचार. सूप अजून अर्धं आहे."

"वरच्या बोळात दर हंगामाचा तुमचा एक फोटो लावलाय. मी मोजले. मधले तीन हंगाम नाहीतच. तेव्हा कुठे होतात?"

"इथेच."

"पण त्या वर्षांच्या एकाही कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव नाही. मी ग्रंथालयात जाऊन पाहिलं."

"बाळ झोपल्यावर हे उद्योग करतेस?"

"बाळ झोपतच नाही," रेनाटे म्हणाली. "बरोबर घेऊन गेले होते."

मास्तर हसले. पुन्हा सुपाकडे वळले.

ती एवढी खोदून विचारत होती त्याला कारण होतं.

रेनाटे एकोणतीस वर्षांची. सहा वर्षं याच नाटकघरात. कितीही मोठी भूमिका तीन दिवसांत पाठ. तालमीला संहिता हातात न घेता यायची आणि बाकीच्यांच्या हातातल्या संहितांकडे जरा वरूनच बघायची. तिला गर्व होता, आणि तो फुकाचा नव्हता.

मग मार्चमध्ये लेने जन्मली. बाळंतपणात बायकांचे केस गळतात, हिची वाक्यं गळायला लागली.

घरून निघताना दुधाची बाटली उकळली का, हे आठवायचं नाही. ट्राममध्ये बसल्यावर आठवायचं की उकळली होती, पण मग गॅस बंद केला का, ते आठवायचं नाही. नाटकघरात पोचल्यावर ती द्वारपालाच्या खोलीतून शेजारच्या बाईंना फोन करायची. शेजारीण आता 'हॅलो'सुद्धा म्हणत नसे. "बंद आहे," एवढंच सांगून फोन ठेवायची.

आणि मास्तर बसवत होते त्या नवीन नाटकात तिला मुख्य भूमिका होती. एका नावाडिणीची. ही नावाडीण एका फरारी माणसाला नदीपार पोचवते, पकडली जाते, आणि न्यायाधीश तिला भर चौकात विचारतो, "पलीकडे कुणाला नेलंस?" नाव सांगितलं तर तो मरणार, नाही सांगितलं तर ही. ती थोडी थांबते, आणि म्हणते, "ज्याला पोहता येत नव्हतं, त्याला."

सगळं नाटक त्या थांबण्यावर उभं होतं.

सोमवारच्या तालमीत रेनाटे तिथे थांबली. छान थांबली. एवढ्यात खालून आवाज आला, "ज्याला पोहता..."

आपल्याकडे प्रॉम्प्टर विंगेत उभा असतो. त्या नाटकघरात तो रंगमंचाच्या काठाशी, मधोमध, जमिनीखाली बसे. फळ्यांत कापलेलं एक भोक, वर शिंपल्यासारखं लाकडी टोपण. सगळे त्याला ढोली म्हणत. ढोलीत तीस वर्षं लिंडेमानबाई बसत होत्या.

"बाई!" रेनाटे कडाडली. "मी थांबले होते, अडले नव्हते! पुन्हा माझ्या तोंडात शब्द कोंबू नका!"

लिंडेमानबाई "बरं" म्हणाल्या.

बुधवारी त्याच जागी रेनाटे खरोखरच अडली. डोकं कसं धुतलेल्या पाटीसारखं झालं. तिने खाली पाहिलं. लिंडेमानबाई हाताची घडी घालून, ओठ मिटून, आज्ञेप्रमाणे बसल्या होत्या. शेवटी न्यायाधीशाचं काम करणाऱ्या बोएल्केनेच तिचं वाक्य म्हटलं, स्वतःच्या घोगऱ्या आवाजात. तीसेक माणसं बघत होती. कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

तिथली रीत अशी की नटांचा करार वर्षाचा. पुढल्या हंगामाला नको असाल तर ऑक्टोबर संपायच्या आत पत्र येतं. पहिला प्रयोग अठरा ऑक्टोबरला होता आणि नाटकघराचे प्रमुख पहिल्या रांगेत बसणार होते. तिथे अडली तर पत्र आलंच म्हणून समजायचं. मग दुसरं शहर, दुसरं घर, आणि लहान मूल असलेली, वाक्यं विसरणारी नटी कोण घेणार?

हे सगळं तिने मास्तरांना सांगितलं नाही. सांगितलं ते वेगळंच.

"पहिल्या प्रयोगाला लिंडेमानबाई ढोलीत नकोत मला."

"का गं?"

"त्यांना थांबणं आणि अडणं यातला फरकच कळत नाही."

"तुला कळतो?"

"म्हणजे काय! माझं मला कळणारच ना."

मास्तरांनी वाटीचा तळ पावाने पुसून घेतला.

"ढोली रिकामी ठेवायची नाही, असा या घराचा नियम आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळच्या तालमीला तू बस."

"मी? मग वर कोण?"

"मी करतो की नावाडीण. घागऱ्याचा सराव आहे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रेनाटे ढोलीत उतरली. चार पायऱ्या, एक स्टूल, एक मिणमिणता दिवा, संहिता ठेवायला तिरकी फळी. धुळीचा आणि जुन्या मेणबत्त्यांचा वास. मान वर केली की माणसं दिसायची ती पायांकडून... बूट, गुडघे, हनुवट्या, नाकपुड्या.

लिंडेमानबाई पायरीवर टेकल्या होत्या. आपली गादी त्यांनी स्टुलावर सरकवली आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा रेनाटेच्या हातात दिला.

"घसा कोरडा पडतो," त्या म्हणाल्या. "आणि शिंक आली तर नाक दाबायचं. खालून आलेली शिंक वरच्या राजाला लागते."

रेनाटेने डबा मांडीवर ठेवला. सोमवारपासून ती बाईंशी बोललीच नव्हती.

"तीस वर्षं बसलात इथे?"

"एकतीस. एकोणीस वर्षांची होते. शेजारी दुसरं स्टूल टाकून मास्तरांनी शिकवलं."

"मास्तरांनी? ते कशाला ढोलीत..."

"तीन हंगाम इथेच तर होते." बाईंनी आवाज आणखी खाली आणला. मुळात तो खालीच असायचा. "एकदा भर प्रयोगात अडले होते. असे अडले की पडदा पाडावा लागला. दुसऱ्या दिवशी ते इथे येऊन बसले. कुणी बोलावलं तरी वर जाईनात."

"पण पुस्तकात तर..."

"पुस्तकं वरचं पाहून लिहितात, बाई. ढोलीतल्याचं नाव पत्रिकेत छापत नाहीत."

रेनाटेच्या मनात एकदम दहा प्रश्न उभे राहिले. तीन वर्षं? रोज? मग परत वर कसे गेले? पण बाई उठून प्रेक्षागृहात जाऊन बसल्या होत्या, आणि वर मास्तर आले.

त्यांनी डोक्याला शाल गुंडाळली होती. खाली पाटलोण, पायात फेल्टच्या सपाता. बोएल्के आधी फिसकन हसला. मग मास्तरांनी वल्हं खाली ठेवावं तसे दोन्ही हात खाली सोडले... आणि बोएल्केचं हसू जागच्या जागी विरलं.

"पलीकडे कुणाला नेलंस?" न्यायाधीशाने विचारलं.

मास्तर गप्प.

एक. दोन. तीन. रेनाटेचं बोट ओळीवर होतं. चार. म्हातारा माणूस, पंचाहत्तर वर्षांचा, कालच स्वतःकडे घेतलेली भूमिका. तिला राहवेना.

"ज्याला पोहता येत..."

मास्तरांनी खाली वाकून पाहिलं.

"येत होतो गं मी," ते म्हणाले. "वाटेतच होतो."

प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं. रेनाटेचे कान तापले. सोमवारी हेच, जरा मोठ्या आवाजात, तिने लिंडेमानबाईंना सुनावलं होतं.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

"पलीकडे कुणाला नेलंस?"

मास्तर गप्प. या वेळी तिने ओठ घट्ट मिटले. चार. सहा. आठ. मास्तर असेच थांबतात, सगळ्या परीक्षणांत लिहिलेलं असतं. नऊ. दहा. बोएल्के बुटाचं टोक आपटू लागला.

मास्तरांनी शाल सोडली.

"आत्ता मात्र मी बुडालो होतो," ते शांतपणे म्हणाले. "नाकात पाणी गेलं."

या वेळी सगळे हसले. मास्तरसुद्धा.

"मग मला कसं कळणार?" रेनाटे ढोलीतून ओरडली. "दोन्ही वेळा सारखंच तर दिसत होतं!"

"कुठे बघत होतीस?"

"संहितेत."

"संहिता कुठे अडली होती?"

तिने ओळीवरचं बोट काढलं.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

रेनाटेने दिवा विझवला. नाहीतरी संहितेत बघायचं नव्हतं. अंधारात पाय जास्त दिसले, आणि हात, आणि मानेवरची ती सैल, सुरकुतलेली कातडी.

"पलीकडे कुणाला नेलंस?"

मास्तर गप्प.

घरी दिवसातून दहादा ती पाळण्याशी वाकून लेनेच्या नाकाखाली बोट धरत असे. नवरा म्हणायचा, अगं, झोपलीय ती, जिवंत आहे. रेनाटे म्हणायची, हो रे, माहीत आहे मला. आणि तरी बोट धरायची. या खुळेपणाची तिला लाज वाटे. जगात कोट्यवधी मुलं आयांनी नाकाखाली बोटं न धरता मोठी झाली आहेत, हे तिला ठाऊक होतं.

आता तिला कळलं की आपण तेच करतो आहोत. बोट नव्हतं, एवढंच.

मास्तरांच्या गळ्याशी काहीतरी थांबलं होतं. ना आत, ना बाहेर.

तिचाही श्वास थांबला.

वाक्य तिच्या जिभेवर आलं. तिने ते टाकलं नाही. वाक्य बोलायच्या आधी माणूस घेतो तसा फक्त श्वास घेतला, हलकेच, ऐकू येईल इतपत.

वर मास्तरांची छाती भरली.

"ज्याला पोहता येत नव्हतं," नावाडीण म्हणाली, "त्याला."

बोएल्केला पुढचं वाक्य होतं. ते त्याने बऱ्याच वेळाने म्हटलं.

तालीम संपल्यावर रेनाटे गुडघ्यांवरची धूळ न झटकताच मास्तरांपाशी गेली.

"तिसऱ्या वेळी काय होतं? थांबला होता की अडला होता?"

"तू काय केलंस?"

"मी... काही नाही. श्वास घेतला."

"बरं केलंस."

"पण थांबला होतात की..."

मास्तरांनी शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि सपाता फरफटत जेवायला निघून गेले.

रेनाटे प्रेक्षागृहात गेली. लिंडेमानबाई चौथ्या रांगेत पिशवी आवरत होत्या.

"बाई, उद्यापासून तुम्ही बसाल ना खाली?"

"मला तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे."

"मी चुकले. सगळ्यांसमोर बोलले ते तर फारच."

बाईंनी पिशवी बंद केली. मग हात पुढे केला. रेनाटेला वाटलं, हात मिळवायचा आहे.

"डबा," बाई म्हणाल्या. "पेपरमिंटचा. त्याशिवाय मला बसता येत नाही."

अठरा ऑक्टोबर आला.

पडदा वर जायच्या आधी मास्तर विंगेत आले. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी रेनाटेच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं, थू थू थू, दृष्ट काढतात तसं. याला उत्तर म्हणून आभार मानायचे नसतात, मानले तर सगळं उलटतं. रेनाटेने 'धन्यवाद' दातांत धरून ठेवलं. काय बोलायचं नाही, एवढं तरी तिला त्या संध्याकाळी पक्कं आठवत होतं.

प्रयोग चांगला चालला. पहिला अंक पाण्यासारखा गेला. नदीचा प्रवेशही झाला. मग चौक, लोक, न्यायाधीश.

"पलीकडे कुणाला नेलंस?" बोएल्केने विचारलं.

रेनाटे थांबली.

ठरल्याप्रमाणे थांबली. तीन मोजायचे, मग बोलायचं. एक. दोन. तीन...

तीननंतर काहीच नव्हतं.

वाक्य नव्हतं. त्याचा पहिला शब्द नव्हता. ते नाव होतं, प्रश्न होता की नकार, तेही आठवेना. समोर सातशे माणसं, पहिल्या रांगेत प्रमुखांच्या चष्म्याची दोन वर्तुळं. हा माणूस पलीकडे गेला खरा, पण कोण होता तो? तिला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं. ती त्या न्यायाधीशाकडे बघत राहिली, जसा काही तोच तिला सांगणार होता.

सातशे माणसांपैकी कुणी हललं नाही.

मग खालून, फळ्यांतून, कुणीतरी श्वास घेतला.

शब्द नाही. नुसता श्वास.

रेनाटेची छाती भरली. आणि बोलताना तिला स्वतःलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं...

"ज्याला पोहता येत नव्हतं, त्याला."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नाटकघराचे प्रमुख तिला जिन्यात भेटले. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"ती शांतता!" ते म्हणाले. "मी सबंध आयुष्यात अशी ऐकली नाही. पत्राची काळजी करू नका. आपण दोन वर्षांचा करार करू."

रेनाटे "हो" म्हणाली. मग घरी फोन करायचं विसरून तशीच मास्तरांना शोधत सुटली.

मास्तर नाटकघराच्या मागच्या पायऱ्यांवर उन्हात बसून सफरचंद सोलत होते. साल अखंड निघत होती.

ती शेजारी बसली. उठली. पुन्हा बसली.

"करार मिळाला," ती म्हणाली.

"ऐकलं."

"त्या शांततेबद्दल मिळाला."

"तेही ऐकलं."

"मास्तर, ती माझी नव्हती." एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबवेना. "मी थांबले नव्हते. अडले होते. पार अडले होते. तीनपर्यंत अभिनय होता, पुढे काही नव्हतं. लोक म्हणतात काय डोळे होते तुमचे, काय भीती होती! असणारच ना, मी मेले होते भीतीने. लिंडेमानबाई नसत्या तर आज... मला वाटतं मी प्रमुखांना जाऊन सांगायला हवं. म्हणजे हवंच ना? नाहीतर ही चोरी झाली. नाही?"

मास्तर सोलत राहिले.

सालीचं टोक पायरीवर टेकलं.

"त्या वेळी मला ते वाक्य पाठच नव्हतं हो," रेनाटे हळूच म्हणाली. "एवढंच सांगायचंय."

मास्तरांनी सफरचंदाची एक फोड कापली. ती सुरीच्या टोकावर धरून तिच्यापुढे केली. रेनाटेने घेतली.

नदीवरून एक बोट भोंगा वाजवत खाली निघून गेली...

"आणि त्या नावाडिणीला तरी," मास्तर म्हणाले, "कुठे पाठ होतं, पोरी?"